मुखवटा कोणाचा?

माया संस्कृती शिकवताना मुलांकडून पुठ्ठ्याचा मुखवटा करवून तो हिरवा रंगवून घेणे हा उपक्रम रूढ आहे. हात गुंतले की मनही गुंतते, हे आम्हांस मान्य आहे. प्रश्न एवढाच, की तो मुखवटा कोणाचा?

पुष्कळदा तो पालेंकेचा राजा पाकाल याच्या मुखवट्यावर बेतलेला असतो. पाकाल इ. स. ६८३ मध्ये वारला. त्याची कबर अल्बेर्तो रूस या पुरातत्त्वज्ञाला १९५२ साली सापडली. जेडचे तुकडे जुळवून केलेला तो मुखवटा मृताच्या चेहऱ्यासाठी होता. त्याचा हिरवा रंग मक्याचा, म्हणजे पुन्हा उगवणाऱ्या जीवनाचा. एवढे सांगितले नाही, तर मुलांच्या हाती नुसता रंग उरतो.

मात्र एवढ्यावरच थांबलो, तर माया लोक कबरीतच संपले असा समज होतो. ग्वातेमालातील राबिनाल येथे दर जानेवारीत ‘राबिनाल आची’ हे नृत्यनाट्य लाकडी मुखवटे घालून आजही सादर होते. पंधराव्या शतकातील संघर्षाची ही कथा स्पॅनिश राजवटीत टिकली. १९८२ साली याच परिसरातील रिओ नेग्रो येथे आची माया लोकांची कत्तल झाली. त्यानंतरही ती टिकली.

म्हणून मुलांकडून दोन मुखवटे करवून घ्यावेत, असे आम्हांस वाटते. पाकालचा समोर ठेवून पाहावा. राबिनालचा चेहऱ्यावर चढवून बोलावे. माया लोकांविषयीची वाक्ये केवळ भूतकाळात लिहून भागत नाही, हे मुलांना त्यातून कळेल.