मंडालेहून रत्नागिरीस

रत्नागिरीस प्रथमच जाणारा पाहुणा लोकमान्य टिळकांचें जन्मघर पाहतो, भगवतीच्या देवळाकडील किल्ल्यावर चढतो, आणि दिवस मावळण्यापूर्वीं कोणी तरी त्याला थिबा राजाचा वाडा दाखवावयास नेतें. आम्हीही असेच गेलों. तांबूस रंगाचा तो प्रशस्त वाडा, खालीं भाट्याची खाडी, पलीकडे समुद्र, असा देखावा पाहून आमच्याबरोबरच्या एका बाई सहज म्हणाल्या, "एवढें सुंदर स्थळ मिळाल्यावर राजाला आणखी काय हवें होतें?" प्रश्न निरागस होता, आणि त्या वेळीं आम्हीं तो हंसून टाळला. परंतु घरीं आल्यावर तो मनांतून जाईना.

थिबाला काय हवें होतें हें समजण्यास त्यानें काय सोडलें तें पाहिलें पाहिजे. मंडाले हें शहर त्याच्या बापानें, मिंडोन राजानें, १८५७ सालीं वसविलें. राजधानी हलविणें ही ब्रह्मी राजांची जुनी संवय. आवा, अमरापुर, मंडाले अशी ती ऐरावतीच्या कांठानें फिरत राही, आणि हलतांना जुन्या वाड्याचे खांबसुद्धां उपटून हत्तींकडून नव्या जागीं नेले जात. राजाबरोबर सारें नगरच चालूं लागे. मंडाल्याच्या तटाची प्रत्येक बाजू सुमारें सव्वा मैल लांब, भोंवतीं रुंद खंदक, मध्यभागीं सोन्याचा मुलामा दिलेला सागवानी राजवाडा आणि सिंहासनाच्या महालावर सात मजल्यांचें शिखर. १९०१ सालच्या शिरगणतींत, म्हणजे राजा जाऊन पंधरा वर्षें उलटल्यावरही, मंडाल्याची वस्ती एक लाख ऐशीं हजारांच्या वर होती. रत्नागिरीची त्याच्या दहाव्या हिश्शाइतकीही नव्हती.

थिबा १८७८ सालीं गादीवर आला तेव्हां एकोणीस वर्षांचा होता. त्याचें तरुणपण मठांत गेलेलें; पाली धर्मग्रंथांच्या परीक्षेंत त्यानें नांव मिळविलें होतें. अशा मनुष्याच्या नांवावर पुढच्याच वर्षीं राजघराण्यांतील अनेक पुरुष, स्त्रिया व मुलें यांची कत्तल जमा झाली. त्यांत राणी सुपयालत व तिची आई यांचा हात किती व राजाचा किती, याची चर्चा पुष्कळ झाली आहे. पण राजा म्हणून दोष त्याचाच, आणि त्याच्या दैवदशेनें कळवळून जाऊन तो आम्ही झांकूं इच्छीत नाहीं. मात्र इंग्रजांनीं त्याचें राज्य घेतलें तें त्या मृतांसाठीं नव्हे. सागवानाचा व्यापार करणाऱ्या बाँबे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशनला ब्रह्मी दरबारानें जबर दंड केला, फ्रेंचांशीं सलगी वाढविली, आणि नोव्हेंबर १८८५ मध्यें इंग्रजी आगबोटी ऐरावतींतून वर चढल्या. पुरते पंधरा दिवसही युद्ध चाललें नाहीं. ता. २९ रोजीं संध्याकाळीं राजा व राणी यांना बैलगाडींत बसवून नदीकडे नेलें. रस्त्याच्या दुतर्फा रयत गुडघे टेकून रडत होती. ह्या खेपेस राजधानी जागच्या जागीं राहिली आणि राजा तेवढा हलला.

प्रथम रंगून, मग कांहीं महिने मद्रास. तेथें राणीला तिसरी मुलगी झाली. १ जानेवारी १८८६ रोजीं वरचा ब्रह्मदेश खालसा झाल्याचा जाहीरनामा निघाला, आणि ता. १६ एप्रिल रोजीं हें कुटुंब रत्नागिरीच्या किनाऱ्यावर उतरलें.

सरकारनें हें गांव निवडलें त्यांत हिशेब होता. आगगाडी नव्हती, ती तेथें यावयास विसावें शतक संपत आलें. एका बाजूस सह्याद्रीचे घाट, दुसऱ्या बाजूस समुद्र, आणि पावसाळ्यांत आगबोटी बंद पडल्या म्हणजे गांवाला आपोआप कुलूप लागे. पुढें १९२४ पासून १९३७ पर्यंत सावरकरांनाही सरकारनें ह्याच जिल्ह्यांत स्थानबद्ध करून ठेविलें. ज्या गांवाचें एकांतपण आपण वाखाणतों, त्याची सरकारी दप्तरांतील किंमत ही अशी होती.

राजाला तेथें कोणी छळलें असें नाहीं. राहावयास बंगले होते, नोकरचाकर होते, नेमणूक होती. देखरेखीस एक पोलीस अंमलदार असे, आणि परवानगीवांचून गांवाबाहेर पाऊल टाकतां येत नसे. मंडाल्यांत जिकडेतिकडे पॅगोडे. येथें एकही नव्हता. नेमणूक पुरेना म्हणून कर्ज झालें, कर्ज फेडण्यास जडजवाहीर विकूं लागले. वाड्यांतून निघतांना आपलीं अमोल माणकें इंग्रज अधिकाऱ्यांच्या हवालीं केलीं व तीं परत मिळालीं नाहींत, अशी राजाची तक्रार होती. तिच्यासाठीं त्यानें अर्जांवर अर्ज केले. ज्याच्यापुढें उभें राहण्याची कोणाला छाती नव्हती तो वर्षानुवर्षें अर्जदार झाला. आम्हांस त्या वाड्याच्या सौंदर्यापेक्षां ही गोष्ट अधिक बोलकी वाटते.

शिवाय तो वाडा राजाला मिळाला तो चोवीस वर्षांनीं, नोव्हेंबर १९१० मध्यें. आणि ह्या तारखेपाशीं मराठी वाचकानें क्षणभर थांबावें. त्याच महिन्यांत मंडाल्याच्या तुरुंगांत लोकमान्य टिळक पेन्सिलीनें 'गीतारहस्य' लिहावयास बसले होते. रत्नागिरींत जन्मलेला पुरुष मंडाल्यास कैदी, आणि मंडाल्याचा राजा रत्नागिरीस. दोघांचा कारावास १९०८ पासून १९१४ पर्यंत एकाच वेळीं चालू होता. 'मंडाले' हा शब्द उच्चारला कीं आमच्या अंगावर कांटा येतो. पण 'रत्नागिरी' हा शब्द एखाद्या ब्रह्मी घरांत कसा ऐकूं येत असेल, ह्याचा विचार आमच्यापैकीं कितीजणांनीं केला आहे? त्याच्या अर्धशतक आधीं दिल्लीच्या बहादूरशहाला रंगूनला नेऊन ठेविलें व तो १८६२ मध्यें तेथेंच वारला, हें मात्र आम्हांस तोंडपाठ असतें.

डिसेंबर १९१६ मध्यें थिबा वारला. राणीला त्याचें शव मायदेशीं न्यावयाचें होतें. सरकारला तें नको होतें. धाकटी राणी १९१२ मध्येंच गेली होती. अखेर १९१९ मध्यें दोघांचे देह रत्नागिरींतच समाधीखालीं ठेवण्यांत आले, आणि उरलेलें कुटुंब रंगूनला परतलें. सुपयालत तेथें १९२५ मध्यें निवर्तली.

आतां त्या मुलींचें पाहावें. चार होत्या, थोरल्या दोघी मंडाल्याच्या, तिसरी मद्रासची, चौथी रत्नागिरीचीच. त्यांना शाळा नव्हती, आणि बरोबरीचें स्थळ मिळेना म्हणून लग्नेंही होईनात. थोरली, म्यात फया जी, मायदेश सुटला तेव्हां पांच वर्षांची होती. मोठेपणीं वाड्यावरील एका मराठी दरवानावर तिचें मन बसलें. तो आधींच विवाहित होता. १९०६ मध्यें तिला त्याच्यापासून मुलगी झाली. तिचें नांव टूटू. राजघराण्यावर ह्या गोष्टीनें काय कोसळलें असेल त्याची कल्पना करावी. परंतु १९१९ मध्यें आईबरोबर रंगूनला गेलेली हीच राजकन्या कांहीं काळानें लेकीला घेऊन परत फिरली, ती रत्नागिरीस. राजाला जें गांव शेवटपर्यंत परमुलूख वाटलें, तेंच त्याच्या मुलीला घर झालें होतें, आणि तिच्या बापाचा देश तिला परका. ती १९४७ मध्यें रत्नागिरींतच हालाखींत वारली. ब्रह्मदेशाच्या राजाची नात टूटू मराठी बोलत, मराठी संसार करीत, गरिबींत दिवस काढून २००० सालीं गेली.

मंडाल्याचा तो सागवानी राजवाडा मार्च १९४५ मध्यें महायुद्धाच्या बाँबवर्षावांत जळून गेला. रत्नागिरीचा वाडा उभा आहे. डिसेंबर २०१२ मध्यें म्यानमारचे अध्यक्ष थेन सेन रत्नागिरीस आले व थिबाच्या समाधीपुढें नतमस्तक झाले. आम्ही मात्र त्या दिवशीं वाडा पाहून, खाडीवरचा वारा खाऊन परतलों. समाधीकडे जाण्याचें कोणाच्याच लक्षांत आलें नाहीं.