पडसे आणि 'क' जीवनसत्त्व : एका समजुतीचा इतिहास

यंदाच्या स्मरणिकेसाठी इतिहासावर काहीतरी लिहून द्या, असे चिटणीसबाईंनी सांगितले. किल्ल्यांवर व लढायांवर लिहिणाऱ्या भगिनी आपल्या मंडळात आहेत. मी सातवीपर्यंत शिकलेली गृहिणी, तेव्हा आपल्या चुलीजवळचा इतिहास घेतलेला बरा, असे मी ठरविले.

विषय अगदी साधा आहे. घरात कोणाला पडसे झाले, की आपण औषधाच्या दुकानातून 'क' जीवनसत्त्वाची नारिंगी रंगाची आंबटगोड गोळी आणतो व चघळायला देतो. ही गोळी पडशावर चालते ही समजूत आली कोठून, आणि तीत तथ्य किती? पुस्तके वाचनालयातून आणली. इंग्रजीतला मजकूर कॉलेजात शिकणाऱ्या माझ्या मुलीने वाचून त्याचा अर्थ सांगितला. त्यातून जे समजले ते भगिनींपुढे ठेवते.

'क' जीवनसत्त्वाची कथा पडशापासून सुरू होत नाही, स्कर्व्ही नावाच्या रोगापासून होते. ताजी भाजी वा फळ महिनोन्‌महिने पोटात गेले नाही, की माणसाच्या हिरड्या सुजतात, रक्त येते, दात हलू लागतात, सांधे धरतात, जुन्या भरलेल्या जखमासुद्धा पुन्हा उघडतात. लांबच्या सफरीवर निघालेले खलाशी या रोगाने पटापट मरत. १७४७ साली जेम्स लिंड नावाच्या इंग्रज आरमारातील डॉक्टराने 'सॅलिस्बरी' जहाजावर बारा आजारी खलाशी निवडले, त्यांच्या दोघादोघांच्या सहा जोड्या केल्या आणि प्रत्येक जोडीला निराळा उपाय दिला. ज्या जोडीला संत्री व लिंबे मिळाली ती दोघे सहा दिवसांत उठून बसली. इतका स्वच्छ पुरावा मिळूनही सरकारी आरमारात लिंबाचा रस सर्रास देण्यास १७९५ साल उजाडले. सरकारी काम तेव्हाही सावकाशच चाले म्हणायचे.

आता आपल्या माणसांकडे येऊ. पहिल्या महायुद्धात पुण्याची सहावी डिव्हिजन मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, लढायला पाठविली होती. तीत १०३, ११० व ११७ क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. आपला बीड जिल्हा त्या काळी निजामाच्या राज्यात होता, परंतु घाटावरची व कोकणातली हजारो मराठी पोरे या पलटणींत होती. ७ डिसेंबर १९१५ रोजी तुर्कांनी या फौजेला कूत-अल-अमारा गावात वेढले. वेढा जवळजवळ पाच महिने चालला. धान्य संपत आले. शेवटी विमानातून पिठाची पोती व जात्याच्या तळ्या खाली टाकण्याची पाळी आली. २९ एप्रिल १९१६ रोजी उपासमारीमुळे शरणागती पत्करावी लागली.

या वेढ्यात एक चमत्कारिक गोष्ट दिसून आली. एकाच गावात कोंडलेल्या गोऱ्या सैनिकांना एक रोग झाला, तर हिंदी सैनिकांना दुसराच. गोरे सैनिक पांढऱ्या मैद्याचा पाव खात, म्हणून त्यांना बेरीबेरी झाली, पण ते घोड्याचे मांस खात असल्यामुळे स्कर्व्हीपासून बऱ्याच अंशी वाचले. आपले शिपाई कणीक व जवाचे पीठ खात, म्हणून बेरीबेरी त्यांच्या वाटेला गेली नाही. परंतु धर्माला बाध येतो म्हणून पुष्कळांनी घोड्याचे मांस फार उशिरापर्यंत शिवले नाही. भाजीचे तर नावच नव्हते. त्यांना स्कर्व्हीने गाठले. नदीकाठचे गवत नि रानपाला खुडून, शिजवून खाल्ला, त्यातही काही विषारी निघाला. जखमा भरत ना, माणसे उभी राहत ना. हे वाचताना माझ्या मनात आले, की या माणसांच्या आया नि बायका तिकडे सातारा-रत्नागिरीला रोज पालेभाजी निवडत बसलेल्या असतील.

पुढचा भाग मला सर्वांत अधिक आवडला. लंडनला लिस्टर इन्स्टिट्यूट नावाची संस्था होती. युद्धामुळे तेथील पुरुष मंडळी बाहेर गेली आणि प्रयोगशाळेत हॅरिएट चिक या विदुषी व त्यांच्या सहकारी बायका यांनी हे काम हाती घेतले. गिनीपिग या प्राण्याला माणसाप्रमाणेच स्कर्व्ही होते, हे १९०७ साली नॉर्वेच्या दोघा शास्त्रज्ञांनी दाखविले होते. या बायकांनी गिनीपिगांना निरनिराळे पदार्थ खाऊ घालून पाहिले. बाटलीत साठविलेला ज्या जातीच्या लिंबाचा रस लष्कर पाठवीत होते, तो जवळजवळ निरुपयोगी आहे असे त्यांना आढळले. आणि दुसरे आढळले ते असे : कोरड्या कडधान्यात स्कर्व्ही बरी करण्याचा गुण नाही, पण तेच कडधान्य भिजवून त्याला मोड आणले, की तो गुण त्यात उत्पन्न होतो! १९१८ साली सर्बियाच्या आजारी सैनिकांना मोड आलेल्या घेवड्याच्या बिया देऊन पाहिल्या, तर त्या लिंबाच्या रसाच्या बरोबरीने उपयोगी पडल्या.

भगिनींनो, मोड आणणे म्हणजे काय हे आपल्याला कोणी लंडनहून शिकवायला नको. मटकी रात्री भिजत घालायची, सकाळी उपसून फडक्यात घट्ट बांधायची, दुसऱ्या दिवशी मोड. थंडीत मोड लवकर येत नाहीत, तेव्हा पुरचुंडी चुलीच्या उबेला ठेवायची. पण एक बारीक गोष्ट आहे. मोड अख्ख्या कडधान्यालाच येतात, भरडलेल्या डाळीला येत नाहीत. लष्कराच्या शिध्यात असे ती डाळ! पोते पाठवताना डाळीऐवजी अख्खी मटकी वा मूग भरले असते, तर पुष्कळ हिरड्या वाचल्या असत्या. या हॅरिएटबाई १८७५ साली जन्मल्या आणि १९७७ पर्यंत, म्हणजे १०२ वर्षे जगल्या.

तोपर्यंत या गुणकारी द्रव्याला कोणी पाहिले नव्हते. हंगेरीचे अल्बर्ट झेंट-ग्यॉर्गी यांनी १९२८ च्या सुमारास एक द्रव्य वेगळे काढले, आणि तेच 'क' जीवनसत्त्व हे १९३२ साली ठरले. पण ते भरपूर मिळावे कशातून? त्यांनी स्वतःच पुढे सांगितले आहे, की एका रात्री पत्नीने जेवणात ताजी लाल मिरची वाढली. ती खाण्याची त्यांना इच्छा नव्हती, आणि तसे तोंडावर सांगण्याचे धैर्यही नव्हते, म्हणून 'ही मी तपासून पाहतो' असे म्हणून ते प्रयोगशाळेत गेले. मध्यरात्रीपर्यंत कळले, की मिरचीत 'क' जीवनसत्त्वाचा खजिनाच आहे. १९३७ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. वाढलेले न खाता उठणारे पुरुष आपल्याकडेही आहेत, फक्त पारितोषिक अजून कोणाला मिळालेले नाही!

१९३३ साली हे द्रव्य कारखान्यात तयार करण्याची रीत सापडली आणि गोळी स्वस्त झाली. आपल्याकडे आवळ्याचा गुणही याच सुमारास कसोटीला उतरला. १९३९-४० च्या दुष्काळात हिस्सार भागात, जो आज हरियाणात आहे, स्कर्व्ही पसरली तेव्हा आवळ्याने रोगी बरे केले गेले.

येथवर सर्व ठीक. स्कर्व्हीवर 'क' जीवनसत्त्व हे रामबाण औषध, यात शंका नाही. परंतु पडसे हा स्कर्व्हीसारखा उणिवेचा रोग नव्हे. ते विषाणूंमुळे होते, आणि ते विषाणू दोनशेहून अधिक प्रकारचे आहेत. मग गोळी पडशाला कशी चिकटली?

त्याचे श्रेय मुख्यतः अमेरिकेच्या लायनस पॉलिंग यांना जाते. माणूस सामान्य नव्हे. १९५४ साली रसायनशास्त्राचे आणि १९६२ साली शांततेचे, अशी दोन नोबेल पारितोषिके एकट्याने मिळविलेली. १९६६ साली कोणी एकाने त्यांना पत्र लिहिले, की रोज तीन ग्रॅम 'क' जीवनसत्त्व घ्या. त्यांनी व त्यांच्या पत्नीने घेतले, त्यांना पडसे कमी होते असे वाटले, आणि १९७० साली त्यांनी या विषयावर पुस्तकच लिहिले. पुस्तक धडाक्याने खपले. त्यांनी पुराव्यादाखल मुख्यतः स्वित्झर्लंडच्या १९६१ सालच्या एका चाचणीवर भर दिला होता, बर्फावर घसरण्याचे शिक्षण घेणाऱ्या २७९ मुलांची. त्या मुलांना खरोखर लाभ झाला होता. परंतु १९४२ साली मिनेसोटाच्या विद्यार्थ्यांवर झालेल्या चाचणीत लाभ जवळजवळ दिसला नव्हता. १९६७ साली इंग्लंडात नव्वदएक स्वयंसेवकांना मुद्दाम पडशाचे विषाणू देऊन पाहिले, तेथेही गोळी घेणारे व न घेणारे सारखेच शिंकले. (हा प्रयोग ज्या संस्थेत झाला ती सॅलिस्बरी गावची. लिंडच्या जहाजाचेही नाव तेच, हा नुसता योगायोग.)

पुस्तकानंतर मोठमोठ्या चाचण्या झाल्या. त्यांतली १९७५ साली प्रसिद्ध झालेली एक ऐकण्यासारखी आहे. अमेरिकेतील सरकारी आरोग्यसंस्थेच्या तीनशेएक नोकरांपैकी काहींना खरी व काहींना खोटी गोळी दिली. खोट्या गोळीत दुधाची साखर होती. पुष्कळांनी चव घेऊन गोळी कोणती ते ओळखले! ज्यांनी ओळखले त्यांच्यात 'फरक' दिसला, ज्यांनी ओळखले नाही त्यांच्यात जवळजवळ नाही. मनाचा खेळ किती असतो, हे यावरून ध्यानात यावे.

२०१३ साली फिनलंडचे हॅरी हेमिला व ऑस्ट्रेलियाच्या एलिझाबेथ चॉकर यांनी अशा सर्व चाचण्या एकत्र करून हिशेब मांडला. २९ चाचण्या, ११,००० हून अधिक माणसे. निष्कर्ष असा : रोज गोळी घेतली तरी सामान्य माणसाला पडसे व्हायचे ते होतेच. झालेले पडसे मात्र थोडे लवकर उतरते, मोठ्यांचे शेकडा ८ व मुलांचे शेकडा १४. आणि पडसे झाल्यावर गोळी सुरू केली, तर ठाम असा उपयोग दिसत नाही. आपण करतो ते नेमके हेच शेवटचे!

हा हिशेब मी आपल्या घरच्या हिशेबाच्या वहीत मांडून पाहिला. मोठ्या माणसाचे पडसे सात दिवसांचे धरले, तर शेकडा ८ म्हणजे साधारण अर्धा दिवस. वर्षात दोनदा पडसे झाले, तर एक दिवस वाचला. त्यासाठी वर्षभर रोज एक, म्हणजे ३६५ गोळ्या. ज्यांना परवडते त्यांनी घ्याव्या, पण नवऱ्याची रोजी दुधाला पुरत नाही अशा घरात गोळ्यांची पट्टी पाहिली, की मला वाईट वाटते.

२०२० साली करोनाची साथ आली तेव्हा तर या गोळ्यांवर झुंबड उडाली. पुढे २०२१ साली अमेरिकेत २१४ रुग्णांवरील चाचणी प्रसिद्ध झाली. रोज आठ ग्रॅम, म्हणजे आपल्याकडच्या ५०० मिलिग्रॅमच्या सोळा गोळ्यांइतके 'क' जीवनसत्त्व देऊनही दुखणे लवकर उतरले नाही. फार मोठ्या मात्रेने पोट बिघडते, आणि ज्यांना मुतखड्याचा त्रास आहे त्यांनी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हा नाद करूच नये.

आता गरज किती? हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० साली बाईला दिवसाला ६५ व पुरुषाला ८० मिलिग्रॅम सांगितले आहे. १०० ग्रॅम पेरूत २०० मिलिग्रॅमहून अधिक असते, आवळ्यात २५० च्या आसपास. मोडाच्या मटकीत इतके नसते, आणि उसळ फार शिजवली तर असलेलेही जाते, कारण हे जीवनसत्त्व उष्णतेने नासते व पाण्यात उतरते. म्हणून वाफेवर अर्धवट शिजवून, खाली उतरल्यावर लिंबू पिळावे.

मंडळाच्या गेल्या बैठकीत, थंडीच्या दिवसांत मंडळाच्या निधीतून 'क' जीवनसत्त्वाच्या गोळ्या घेऊन वाटाव्या, अशी सूचना आली होती. हेतू चांगला आहे, पण माझे मत निराळे आहे. त्या २०१३ च्या हिशेबात एक अपवाद आहे. धावण्याच्या लांब शर्यतीतले धावपटू, बर्फातले खेळाडू व कडाक्याच्या थंडीत कवायत करणारे सैनिक, अशा सुमारे सहाशे माणसांच्या पाच चाचण्यांत मात्र पडसे निम्म्याने कमी झाले. हे ऐकले आणि दसरा-दिवाळीला गाव सोडून जाणाऱ्या आपल्या ऊसतोडीच्या बाया डोळ्यांपुढे आल्या. पहाटे चारला थंडीत फडात उतरायचे, दिवसभर मोळ्या उचलायच्या, रात्री कोपीत भाकरी आणि चटणी. ऊसतोडीच्या बाया त्या चाचण्यांत नव्हत्या, तेव्हा तो निकाल जसाच्या तसा त्यांना लावता येणार नाही. पण कष्ट, थंडी आणि ताज्या भाजीची वानवा, या तिन्ही गोष्टी त्यांच्या वाट्याला आहेत, आणि कूतच्या वेढ्यासारखा बाजार लांब आहे.

तेव्हा माझी सूचना अशी, की गोळ्यांसाठी जो निधी बाजूला काढायचा त्यातून यंदा गाड्या निघण्याच्या आधी दर कोयत्यामागे दोन किलो अख्खी मटकी द्यावी. ती चार महिने टिकते, कोपीतल्या चुलीच्या उबेला तिला मोड येतात, आणि शिजवायला सरपणही थोडे लागते. डाळ देऊ नये, कारण वर सांगितलेच आहे. किती कोयते जाणार याची गल्लीवार यादी मी करू लागले आहे. आपापल्या गल्लीची नावे भगिनींनी पुढच्या बैठकीपूर्वी मला कळवावी.