ताजे भ्रूण की गोठवलेले भ्रूण? : डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांच्या प्रयोगाचे ऐतिहासिक मूल्यमापन

प्रस्तावना :
शरीराबाहेर फलित केलेले भ्रूण त्याच ऋतुचक्रात गर्भाशयात ठेवावे की गोठवून पुढील चक्रात, हा प्रश्न वंध्यत्वचिकित्सेत आजही महत्त्वाचा आहे. हा प्रश्न या चिकित्सेइतकाच जुना असून त्याचे एक उत्तर 1978 मध्येच कोलकात्यात दिले गेले होते, हे दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

दोन मार्ग :
इंग्लंडमध्ये रॉबर्ट एडवर्ड्‌स, पॅट्रिक स्टेप्टो व जीन पर्डी यांनी आरंभी संप्रेरके देऊन अनेक स्त्रीबीजे मिळविली. परंतु गर्भ टिकत नसे. या संप्रेरकांमुळे ऋतुचक्राचा उत्तरार्ध बिघडतो, असे त्यांच्या लक्षात आले. म्हणून त्यांनी नैसर्गिक चक्रातील एकच स्त्रीबीज घेऊन त्याचे ताजे भ्रूण गर्भाशयात ठेवले. 25 जुलै 1978 रोजी लुईस ब्राऊनचा जन्म झाला.

त्याच काळात डॉ. मुखोपाध्याय यांनी वेगळी वाट धरली. त्यांनी संप्रेरके देऊन अनेक स्त्रीबीजे मिळविली, भ्रूण 53 दिवस गोठवून ठेवले आणि नंतरच्या नैसर्गिक चक्रात त्याचे रोपण केले. 3 ऑक्टोबर 1978 रोजी कोलकात्यात मुलगी जन्मली. अडचण एकच होती. एकाने संप्रेरके टाळली, तर दुसऱ्याने रोपणाची वेळ बदलली.

उपेक्षा आणि न्याय :
पश्चिम बंगाल शासनाने नेमलेल्या समितीने हा दावा अमान्य केला. डॉ. मुखोपाध्याय यांना परदेशी परिषदेस जाण्याची परवानगी नाकारण्यात आली. पुढे त्यांची बदली नेत्रविज्ञान संस्थेत झाली. 19 जून 1981 रोजी त्यांनी आत्महत्या केली. गोठवलेल्या भ्रूणापासून गर्भधारणा झाल्याचे ऑस्ट्रेलियातील ॲलन ट्राउन्सन व लिंडा मोर यांचे वृत्त 1983 मध्ये प्रसिद्ध झाले.

6 ऑगस्ट 1986 रोजी मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा व डॉ. टी. सी. आनंदकुमार यांच्या प्रयत्नांतून जन्मलेले बालक भारतातील पहिले मानले गेले. परंतु आनंदकुमार यांनीच मुखोपाध्याय यांची कागदपत्रे तपासली आणि 1997 मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये लेख लिहून अग्रमान त्यांना दिला. स्वतःकडे आलेला मान असा परत करणे शास्त्रव्यवहारात विरळाच!

आजची स्थिती :
आज रोपणापूर्वी प्रोजेस्टेरॉनची पातळी, गर्भाशयाच्या अस्तराची स्थिती आणि बीजाशयांच्या अतिउत्तेजनाचा धोका पाहिला जातो. प्रोजेस्टेरॉन वेळेआधी वाढल्यास अस्तर भ्रूणाच्या पुढे जाते. अतिउत्तेजनाचा धोका असल्यास गर्भधारणेने तो वाढतो. अशा वेळी भ्रूण गोठविणे हितावह ठरते. तथापि हा सरसकट नियम नव्हे. 2016 च्या चिनी अभ्यासात बहुपुटी बीजाशयाचा विकार असलेल्या स्त्रियांत गोठवलेल्या भ्रूणांपासून अधिक जिवंत जन्म झाले. मात्र हा विकार नसलेल्या स्त्रियांविषयीच्या 2018 च्या चिनी व व्हिएतनामी अभ्यासांत असा लक्षणीय फरक आढळला नाही.

निष्कर्ष :
ताज्या भ्रूणाची योग्यता केवळ भ्रूणावर नव्हे, तर त्याला स्वीकारणाऱ्या गर्भाशयाच्या सिद्धतेवरही अवलंबून असते. मुखोपाध्याय यांचा मार्ग प्रत्येक स्त्रीसाठी आवश्यक नाही. परंतु तो शास्त्रशुद्ध होता. त्याची नीट तपासणी न करता तो नाकारला गेला, याची किंमत एका संशोधकाने प्राण देऊन मोजली. भ्रूणाप्रमाणेच नव्या विचारालाही स्वीकारशील भूमी लागते, हाच या इतिहासाचा बोध होय.