नायरा आणि नायजेरियातील ऊर्जाव्यवस्था

नायरा हे पश्चिम आफ्रिकेतील नायजेरिया या संघराज्याचे चलन. एका नायराचे शंभर कोबो होतात. १ जानेवारी १९७३ रोजी ते सुरू झाले आणि आधीच्या नायजेरियन पौंडाची जागा त्याने घेतली. देशाच्या निर्यातीच्या उत्पन्नात गेली पन्नास वर्षे तेल व वायूचा वाटा साधारण नव्वद टक्क्यांच्या आसपास राहिला आहे. त्यामुळे नायराचा भाव, पेट्रोल पंपावरचा दर आणि घरातली वीज या तिन्ही गोष्टी एकाच दोरीने बांधल्या गेल्या. चलनसुधारणेचे प्रयत्न आणि ऊर्जाविकासाचे प्रयत्न या देशात वेगवेगळ्या खात्यांनी, वेगवेगळ्या वेळी केले. त्यातले बरेचसे फसण्याचे मोठे कारण हेच असावे.

पूर्वपीठिका : ब्रिटिश अमलात पश्चिम आफ्रिकेतील चार वसाहतींना मिळून एकच पौंड चाले. त्यासाठी १९१२ मध्ये पश्चिम आफ्रिकी चलन मंडळ स्थापन झाले होते. नायजेरियाच्या मध्यवर्ती बँकेचे कामकाज जुलै १९५९ मध्ये, म्हणजे स्वातंत्र्याच्या सव्वा वर्ष आधी, सुरू झाले आणि देशाचा स्वतःचा पौंड आला. त्याआधीच, १९५६ साली, नायजर नदीच्या त्रिभुज प्रदेशातील ओलोइबिरी या गावी शेल-बीपी कंपनीला व्यापारी प्रमाणात तेल लागले होते. १९५८ पासून निर्यात सुरू झाली. तोपर्यंत देश पोसला जाई तो कानोकडच्या भुईमुगावर, पश्चिमेच्या कोकोवर आणि पूर्वेच्या पामतेलावर. भुईमुगाच्या पोत्यांचे उंचच उंच मनोरे ही कानो शहराची ओळख होती. १९६७ ते १९७० च्या बियाफ्रा यादवी युद्धानंतर तेलाचा ओघ वाढला, १९७१ मध्ये नायजेरिया तेल निर्यातदार देशांच्या ओपेक या संघटनेचा सदस्य झाला आणि दोनच वर्षांनी तेलाचे जागतिक भाव चौपट झाले. पोत्यांचे मनोरे त्यानंतर दिसेनासे झाले.

भरभराट आणि महाग नायरा : दशमान पद्धतीचे नवे चलन आले तेव्हा दोन नायरा म्हणजे एक पौंड असा हिशेब ठरला. डॉलर सुमारे ६६ कोबोंना मिळे, म्हणजे नायरा डॉलरपेक्षा दीडपट वजनदार होता. नायरा हे नाव राजकीय नेते ओबाफेमी अवोलोवो यांनी सुचवले असे मानले जाते.

महाग चलनामुळे परदेशी माल स्वस्त पडू लागला आणि स्थानिक शेतकऱ्याचा माल बाहेर महाग ठरू लागला. गव्हापासून गाड्यांपर्यंत सारे आयात होऊ लागले. या काळाचे एक दृश्य इतिहासात नोंदले गेले आहे. १९७५ मध्ये सरकारने बांधकामासाठी सुमारे दोन कोटी टन सिमेंट मागवले. लागोस बंदराला त्याचा लहानसा हिस्साही वर्षभरात उतरवून घेता येत नव्हता. सिमेंट भरलेली शेकडो जहाजे महिनोन् महिने बंदराबाहेर नांगर टाकून उभी राहिली. खोळंब्याचे भाडे सरकार डॉलरमध्ये भरत होते आणि दमट हवेत पोत्यांतले सिमेंट घट्ट होत होते. तेलाचा पैसा हाती आला, पण तो पचवणारी बंदरे, रस्ते आणि वीज नव्हती. ही विसंगती पुढेही कधी पूर्ण मिटली नाही.

पोर्ट हारकोर्ट (१९६५), वारी (१९७८) आणि कादुना (१९८०) येथे तेलशुद्धीकरण कारखाने उभे राहिले. पोर्ट हारकोर्टचा विस्तार धरून त्यांची एकत्रित क्षमता दिवसाला ४ लाख ४५ हजार पिंपे होती. कागदावर ही क्षमता देशाची गरज बऱ्याच अंशी भागवणारी होती. प्रत्यक्षात दुरुस्तीअभावी कारखाने बंद पडत गेले आणि कच्चे तेल विकणारा देश पेट्रोल विकत घेऊ लागला. येथूनच नायराची खरी गळती सुरू झाली. कच्च्या तेलाचे डॉलर एका दाराने आत येत आणि पेट्रोलच्या बिलापोटी दुसऱ्या दाराने बाहेर जात.

अवमूल्यन आणि दुहेरी दर : १९८० च्या दशकात तेलाचे भाव उतरले आणि कर्ज वाढले. एप्रिल १९८४ मध्ये मुहम्मदु बुहारी यांच्या लष्करी राजवटीने सीमा बंद करून नोटांचे रंग बदलले आणि जुन्या नोटा बदलून घ्यायला मोजके दिवस दिले. बाहेर नेलेला पैसा निकामी करणे हा हेतू होता. १९८६ मध्ये पुढचे लष्करशहा इब्राहिम बाबांगिडा यांनी रचनात्मक समायोजनाचा कार्यक्रम आणला. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे कर्ज घ्यायला जनमताचा विरोध होता, म्हणून कर्ज नाकारले गेले, पण त्याच्या बहुतेक अटी मात्र पत्करल्या गेल्या. त्या सप्टेंबरात परकीय चलनाचा लिलाव सुरू झाला आणि १९८७ मध्ये डॉलरचा सरासरी दर चार नायरांवर गेला. लष्करशहा सानी अबाचा यांच्या काळात, १९९० च्या दशकात, अधिकृत दर २२ नायरांवर गोठवला गेला. खुल्या बाजारात तो ८० च्या पुढे होता.

या दुहेरी दराकडे नीट पाहायला हवे, कारण पुढची सारी दुखणी त्यातच आहेत. ज्याची सरकारदरबारी ओळख आहे त्याला २२ ला डॉलर मिळे. तोच डॉलर रस्त्यावर ८० ला विकला की कारखाना न काढता, माल न आणता नफा पदरात पडे. स्वस्त डॉलर हे गरिबांच्या हिताचे धोरण म्हणून मिरवले गेले. प्रत्यक्षात गरिबाला बाजारात लागणारी प्रत्येक आयात वस्तू रस्त्यावरच्या दरानेच विकत घ्यावी लागे.

२००४ ते २००८ हा काळ मात्र सुधारणेला अनुकूल होता. तेल महाग होते, अर्थमंत्री एन्गोझी ओकोन्जो-इवेला यांच्या वाटाघाटींतून २००५ मध्ये पॅरिस क्लब या धनको गटातील देशांनी सुमारे १८ अब्ज डॉलरचे कर्ज माफ केले आणि परकीय चलनाची गंगाजळी ६० अब्ज डॉलरच्या वर गेली. मध्यवर्ती बँकेचे गव्हर्नर चार्ल्स सोलुडो यांनी ऑगस्ट २००७ मध्ये नायरावरची दोन शून्ये कमी करण्याची योजना जाहीर केली, ती राष्ट्राध्यक्ष उमारू यार'अदुआ यांच्या सरकारने थांबवली. शून्ये तशीच राहिली तरी बिघडले नसते. खरी हानी झाली ती शुद्धीकरण कारखाने आणि वीजवाहिन्या या सुबत्तेतही तशाच पडून राहिल्या याने.

२०१४ नंतर तेल गडगडले. गव्हर्नर गॉडविन एमेफिएले यांनी दर १९७ ते १९९ च्या दरम्यान रोखून धरला आणि जून २०१५ मध्ये ४१ प्रकारच्या वस्तूंच्या आयातीसाठी अधिकृत डॉलर देणे बंद केले. त्या यादीत तांदूळ, सिमेंट, पामतेल इतकेच नव्हे, तर दात कोरायच्या काड्याही होत्या. जून २०१६ मध्ये दर सोडावा लागला. त्यानंतर आयातदारांना एक दर, गुंतवणूकदारांना दुसरा, यात्रेकरूंना तिसरा अशा खिडक्या निघत गेल्या. ऑक्टोबर २०२१ मध्ये ई-नायरा हे डिजिटल चलन आले, पण ते लोकांच्या वापरात फारसे रुजले नाही.

नोटाबदल, २०२२-२३ : २६ ऑक्टोबर २०२२ रोजी मध्यवर्ती बँकेने २००, ५०० आणि १००० नायराच्या नव्या नोटा काढण्याचे जाहीर केले. चलनातल्या ३.२३ लाख कोटी नायरांपैकी २.७३ लाख कोटी बँकांबाहेर असल्याचे कारण देण्यात आले. जुन्या नोटांना ३१ जानेवारी २०२३ ची मुदत होती, ती पुढे १० फेब्रुवारीपर्यंत वाढली. जुन्या नोटा जमा झाल्या, पण त्यांच्या जागी पुरेशा नव्या नोटा आल्या नाहीत. २०१६ च्या नोव्हेंबरातल्या नोटाबंदीच्या रांगा ज्यांनी पाहिल्या आहेत त्या मराठी वाचकाला पुढचे सांगायला नको. फरक एवढाच की नायजेरियात रोख पैसाच विकत घ्यावा लागला. गल्लोगल्ली छत्रीखाली कार्डयंत्र घेऊन बसणारे एजंट खात्यातून रक्कम वळती करून घेत आणि नोटा देताना भरमसाट वटाव कापत. बाजारात भाजी सडली, कारण घेणाऱ्याकडे नोट नव्हती. राज्य सरकारांनी दाद मागितल्यावर ३ मार्च २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जुन्या नोटा वर्षअखेरपर्यंत वैध ठरवल्या. पुढे ती मुदतही अनिश्चित काळ वाढली.

अनुदान आणि दर यांचा एकाच वेळी अंत : पेट्रोलवरचे अनुदान १९७० च्या दशकापासून चालत आले होते. १ जानेवारी २०१२ रोजी राष्ट्राध्यक्ष गुडलक जोनाथन यांनी ते काढले, पेट्रोल लिटरला ६५ वरून १४१ नायरांवर गेले आणि देशभर हरताळ पडला. दोन आठवड्यांत सरकारला दर ९७ वर आणावा लागला. तेल उपसणाऱ्या देशातल्या माणसाला स्वस्त पेट्रोल हाच राज्याकडून पदरात पडणारा एकमेव लाभ वाटत होता, हे त्या उद्रेकामागचे खरे कारण. शाळा, दवाखाना, वीज यांचा भरवसा नव्हता. पेट्रोल तेवढे स्वस्त होते. अर्थात त्यातले बरेच स्वस्तपणाच्या जोरावर सीमेपार बेनिनमध्ये चोरट्या मार्गाने जाई. २०२२ मध्ये या अनुदानाचा बोजा चार लाख कोटी नायरांच्या वर गेला होता.

२९ मे २०२३ रोजी नवे राष्ट्राध्यक्ष बोला टिनुबू यांनी शपथविधीच्या भाषणातच अनुदान संपल्याचे जाहीर केले. दोनशे नायरांच्या आत मिळणारे पेट्रोल दोन दिवसांत पाचशेच्या आसपास गेले. एमेफिएले निलंबित झाले आणि १४ जूनला साऱ्या खिडक्या बंद करून एकच दर ठेवण्यात आला. ४७० च्या घरातला डॉलर फेब्रुवारी २०२४ मध्ये दीड हजारांपुढे पोहोचला. डिसेंबर २०२४ मध्ये महागाईचा दर ३४.८ टक्के होता. किमान वेतन जुलै २०२४ मध्ये ३० हजारांवरून ७० हजार नायरा झाले, पण तोवर वर्ष उलटून गेले होते. दुहेरी दर आणि अनुदान दोन्ही जायलाच हवी होती. मात्र सार्वजनिक वाहतूक किंवा थेट मदत यांपैकी काहीच हाताशी नसताना दोन्ही घाव पंधरा दिवसांत घालणे हा सामान्य घरांवर अन्याय होता. नवे गव्हर्नर ओलायेमी कार्डोसो यांनी व्याजदर २७.५ टक्क्यांपर्यंत नेला आणि थकलेली डॉलरची देणी चुकती केली, तेव्हा दर पंधराशे-सोळाशेच्या आसपास स्थिरावला.

या घसरणीची झळ महाराष्ट्रापर्यंत आली. नायजेरियाच्या शहरांत ‘केके’ नावाने धावणाऱ्या पिवळ्या तीनचाकी रिक्षा आणि भाड्याने चालणाऱ्या मोटारसायकली यांत बजाजचा वाटा फार मोठा आहे. तीनचाकींचे उत्पादन छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूजला होते. नायजेरिया ही बजाज ऑटोची सर्वांत मोठी परदेशी बाजारपेठ होती. डॉलर दुर्मीळ आणि पेट्रोल तिप्पट झाल्यावर तेथील मागणी एकदम आटली.

वीज : नायजर नदीवरील काइन्जी धरण १९६८ मध्ये पूर्ण झाले. आज मात्र वीज मुख्यतः वायूवर चालणाऱ्या केंद्रांतून येते. आफ्रिकेतील सर्वांत मोठे नैसर्गिक वायूचे साठे येथे आहेत. त्याच वायूच्या ज्वाला तेलविहिरींवर दशकानुदशके रात्रंदिवस जळत आल्या. बोनी बेटावरून द्रवरूप वायूची निर्यात १९९९ मध्ये सुरू झाली. स्थापित क्षमता १३ हजार मेगावॅटच्या आसपास असली, तरी ग्राहकांपर्यंत चार ते पाच हजार मेगावॅटच पोहोचते. बावीस कोटींहून अधिक लोकसंख्येच्या देशासाठी ही वीज अत्यंत तुटपुंजी आहे. वीज परत आली की मुले अजूनही ‘अप नेपा!’ असा आरडाओरडा करतात. नेपा हे सरकारी वीज मंडळ केव्हाच इतिहासजमा झाले आहे. २००५ च्या कायद्याने त्याचे विभाजन झाले आणि २०१३ मध्ये वितरण अकरा खासगी कंपन्यांकडे गेले.

वीज नसल्याने घरोघरी जनरेटर आले. शिंपी, न्हावी, मोबाइल दुरुस्तीवाले यांच्या दुकानाबाहेर लहान पेट्रोल जनरेटर साखळीने बांधलेला दिसतो. म्हणून पेट्रोलचा दर वाढला की शिलाई आणि दळणही महागते. दुसरीकडे, वीजकेंद्रांना वायूचा दर डॉलरमध्ये ठरतो आणि ग्राहकाकडून बिल नायरात येते. नायरा घसरला की ही दरी रुंदावते, वायू कंपन्यांची देणी थकतात आणि पुरवठा तुटतो. एप्रिल २०२४ मध्ये दिवसाला किमान २० तास वीज मिळणाऱ्या ग्राहकांचा दर युनिटमागे ६८ वरून २२५ नायरांवर गेला तो यामुळेच. २०२३ च्या वीज कायद्याने राज्यांना स्वतःची वीज निर्माण करून विकण्याची मुभा दिली आहे.

तेलप्रदेशाची स्थिती : ज्या त्रिभुज प्रदेशातून हे तेल निघते त्याच्या वाट्याला गळक्या वाहिन्या, काळवंडलेल्या खाड्या आणि मेलेली मासेमारी आली. तेथील ओगोनी लोकांचा लढा उभारणारे लेखक केन सारो-विवा आणि त्यांच्या आठ सहकाऱ्यांना १० नोव्हेंबर १९९५ रोजी फाशी देण्यात आली. पुढे सशस्त्र टोळ्या उभ्या राहिल्या आणि २००९ मध्ये त्यांना माफी देण्यात आली. वाहिन्या फोडून तेल चोरणे थांबले नाही. २०२२ च्या ऑगस्टमध्ये देशाचे उत्पादन दिवसाला दहा लाख पिंपांच्याही खाली गेले. युक्रेन युद्धामुळे तेल महाग असताना नायजेरियाला त्याचा लाभ घेता आला नाही.

दांगोटे कारखाना आणि नायरात तेल : २०२१ च्या पेट्रोलियम उद्योग कायद्यानंतर सरकारी तेल महामंडळ कंपनी म्हणून नोंदले गेले. लागोसजवळ लेक्की येथे उद्योगपती अलिको दांगोटे यांनी दिवसाला साडेसहा लाख पिंपे क्षमतेचा कारखाना उभारला. त्याच्या उभारणीत भारताच्या इंजिनिअर्स इंडिया लिमिटेडचा सहभाग होता. २२ मे २०२३ रोजी त्याचे उद्घाटन झाले, जानेवारी २०२४ मध्ये डिझेल आणि सप्टेंबरमध्ये पेट्रोल निघू लागले. १ ऑक्टोबर २०२४ पासून सरकारने या कारखान्याला कच्चे तेल नायरात विकायला सुरुवात केली. चलन आणि ऊर्जा यांचा विचार एकत्र करून घेतलेला हा पहिलाच मोठा निर्णय. पेट्रोलसाठी बाहेर जाणारा डॉलर वाचावा, ही त्यामागची कल्पना. तिची अडचण लगेच पुढे आली. देशाचे बरेचसे तेल जुन्या कर्जांपोटी आणि परदेशी भागीदारांच्या वाट्यापोटी आधीच गुंतलेले होते. त्यामुळे कारखान्याला ठरलेले तेल पुरेसे मिळेना आणि नायजेरियाच्या किनाऱ्यावर अमेरिकेतून कच्चे तेल डॉलर मोजून मागवण्याची वेळ आली.