सीपीके: स्नायूंची चाचणी हृदयाकडे गेली आणि परत आली

रक्ततपासणीच्या कागदावर ‘सीपीके’ म्हणून छापलेला आकडा क्रिएटिन कायनेज या विकराचा असतो. हे विकर मुळात स्नायूंच्या पेशींत राहते आणि फॉस्फोक्रिएटिनच्या साठ्यातून आकुंचनासाठी झटपट ऊर्जा मिळवून देते. हा साठा १९२७ च्या सुमारास ब्रिटनमध्ये एगलटन दांपत्याने आणि हार्वर्डमध्ये फिस्क व आंध्रचे येल्लाप्रगडा सुब्बाराव यांनी स्वतंत्रपणे शोधला. १९३४ मध्ये जर्मनीत कार्ल लोमान यांनी त्यामागची रासायनिक क्रिया दाखवली. रोगनिदानाशी मात्र याचा तेव्हा काही संबंध नव्हता.

तो जुळला जपानमध्ये. स्नायूंचा ऱ्हास होणाऱ्या रुग्णांच्या रक्तात अल्डोलेज हे विकर वाढते, हे फ्रान्समध्ये शापिरा आणि ड्रेफ्यूस यांना १९५३ मध्येच आढळले होते; पण अल्डोलेज यकृतातही असते, त्यामुळे शंका उरे. १९५९ मध्ये सेत्सुरो एबाशी आणि सहकाऱ्यांनी अशाच रुग्णांत क्रिएटिन कायनेज वाढलेले दाखवले. यकृतात ते जवळजवळ नसतेच, म्हणून हा पुरावा अधिक भक्कम ठरला. ड्यूशेन या स्नायूऱ्हासाच्या रोगाच्या मुलांत तर चालण्यातला दोष दिसण्याआधीच आकडा कित्येक पटींनी चढलेला असतो.

पुढे हृदयविकाराने ही चाचणी जणू पळवलीच. हृदयही स्नायूच, त्यामुळे झटका आल्यावर सीपीके वाढे. पण छातीत दुखते म्हणून कुल्ल्यात इंजेक्शन दिले, तरी ते वाढे! म्हणून एमबी हा हृदयात तुलनेने जास्त असणारा प्रकार वेगळा मोजू लागले. ट्रोपोनिन ही हृदयासाठी अधिक नेमकी चाचणी आल्यावर ती गरजही ओसरली. २००० मध्ये झटक्याच्या नव्या व्याख्येत ट्रोपोनिनलाच अग्रमान मिळाला.

त्याच काळात कोलेस्टेरॉलच्या स्टॅटिन गोळ्यांमुळे सीपीके पुन्हा स्नायूंकडे वळले. स्नायू विरघळून मूत्रपिंड निकामी झाल्याच्या घटनांमुळे सेरिव्हास्टॅटिन २००१ मध्ये बाजारातून मागे घेण्यात आले.

वाढलेला आकडा पेशीतून विकर गळाले एवढेच सांगतो. का गळाले, ते नाही. जोरकस व्यायाम, पडणे, आकडी येणे, थायरॉइडची कमतरता, औषधे, स्नायूंचा दाह, अशी कारणे अनेक. म्हणून तक्रार नसेल आणि वाढ थोडी असेल, तर काही दिवस व्यायाम थांबवून चाचणी पुन्हा करतात. लघवी चहासारखी गडद झाली, तर मात्र थांबत नाहीत. उलट चूकही होते: यकृतासाठी मोजली जाणारी एसजीओटी, एसजीपीटी ही विकरे स्नायूंतूनही येतात, त्यामुळे ड्यूशेनच्या एखाद्या मुलाच्या यकृताचीच तपासणी चालू राहते. तिथे सीपीके मोजले की रोख स्नायूंकडे वळतो.