आवळून न सुटणारे दुखणे

कमरेखालची कोणतीही तक्रार सांगा, हल्ली उत्तर एकच मिळते : केगल करा. बाळंतपणानंतर लघवी निसटते? केगल. माकडहाडापाशी ठणकते? केगल. संबंधाच्या वेळी दुखते? केगल. एखाद्या पुरुषाला तासभर खुर्चीत बसवत नाही, वृषणांच्या मागे दाटल्यासारखे होते, त्यालाही केगलच. योगवर्गात हाच सल्ला मूलबंध किंवा अश्विनी मुद्रा या नावाने येतो आणि मोबाइलमधले अ‍ॅप घंटा वाजवून आवळण्याची आठवण करून देते. या सगळ्यांचे गृहीत एकच. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू, म्हणजे फिजिओथेरपिस्ट ज्याला पेल्विक फ्लोअर म्हणतात ते, वयाने, बाळंतपणाने, बैठ्या कामाने ढिले पडतात. दुखणी त्या ढिलाईतून येतात. सबब ते बळकट करावेत.

यात तथ्य आहे, म्हणून आधी ते मान्य करतो. लॉस एंजेलिसचे स्त्रीरोगतज्ज्ञ आर्नल्ड केगल यांनी 1948 साली हा व्यायाम वैद्यकापुढे मांडला. त्यांच्या समोर होत्या त्या बाळंतपणाने तळाचे स्नायू खरोखर सैलावलेल्या, खोकताना-शिंकताना लघवी निसटणाऱ्या बायका. अशा बायकांना या व्यायामाने गुण येतो, हे पुढच्या चाचण्यांत वारंवार दिसले आहे. त्याबद्दल माझा वाद नाही. वाद आहे तो ‘निसटते त्याला लागू, म्हणून दुखते त्यालाही लागू’ या उडीबद्दल.

केगल यांचे नाव घेणारे एक गोष्ट सहसा सांगत नाहीत. ते कुणालाही नुसते तोंडी ‘आवळा’ म्हणून घरी पाठवत नसत. आधी बोटाने स्नायू तपासत आणि मग दाब मोजणारे एक उपकरण देत, म्हणजे आपण नेमके काय करतो आहोत हे त्या बाईला काट्यावर दिसे. तपासणीशिवाय काय होते, हे 1991 साली अमेरिकेत एका छोट्या अभ्यासात दिसले. 47 बायकांना थोडक्यात तोंडी सूचना देऊन केगल करायला सांगितले. नीट जमले 23 जणींना. 12 जणींची पद्धत तर अशी होती की लघवी निसटणे उलट वाढावे. आपल्याकडे हा व्यायाम छापील कागदावर वाटला जातो.

आता मूळ मुद्दा. जघनास्थीपासून माकडहाडापर्यंत पसरलेल्या या स्नायूंना वाट बंद ठेवणे आणि वरच्या अवयवांना आधार देणे एवढेच काम नसते. वेळ आली की सुटणे, लांबणे हेही त्यांचेच काम. लघवी, शौच, संबंध, प्रसूती, चारही ठिकाणी ते सुटावे लागतात. यांतला प्युबोरेक्टॅलिस नावाचा पट्टा गुदाशयाला मागून विळखा घालतो. शौचाच्या वेळी तो सैल पडला नाही, किंवा काही जणांत होते तसा उलट आवळला, तर माणूस कितीही कुंथला तरी पोट साफ होत नाही. मग इसबगोल, मग चूर्ण, मग आणखी कडक चूर्ण. दोष आतड्याचा नसतोच; वाट उघडत नसते.

स्नायू असा ताठरतो कशाने? कारणे बरीच आहेत. माकडहाडावर पडणे, जुना फिशर, एंडोमेट्रिओसिस, एखाद्या शस्त्रक्रियेचे दुखणे. मूळ आजार बरा झाला तरी त्याच्या धास्तीने आवळलेला स्नायू तसाच राहतो. पोट कायम आत खेचून वावरण्याची सवय आहेच. आणि लघवी धरून ठेवणे. 2011च्या सुमारास मुंबईत ‘राइट टू पी’ मोहीम सुरू झाली, तेव्हा चर्चा झाली ती स्वच्छतागृहांची आणि संसर्गाची. ती व्हायलाच हवी होती. पण बंदोबस्तावरची पोलीस, एसटीतली कंडक्टर, बाजारात बसणारी भाजीवाली वर्षानुवर्षे सकाळी पाणी न पिता निघते आणि दुपारपर्यंत धरून ठेवते, तेव्हा हे स्नायूही दिवसभर कामावर असतात. घरी आल्यावर त्यांची सुट्टी होतेच असे नाही.

सतत आकुंचन पावलेला स्नायू आखूड होतो, त्यात दाबल्यावर कळ मारणाऱ्या गाठी धरतात, आणि ती कळ तिथेच न राहता मांडीत, जांघेत, मूत्राशयाच्या जागी, शिश्नाच्या टोकाशी उमटते. शिवाय असा स्नायू मोजायला गेले तर कमजोर भरतो. दिवसभर मूठ आवळून बसलेल्या माणसाला ‘आणखी आवळ’ म्हटले तर फरक कितीसा दिसणार? आवळायला जागाच उरलेली नसते. फक्त जोर मोजणारा तपासनीस ‘वीक’ असा शेरा मारतो आणि केगल लिहून देतो. महिन्याने रोगी वाढलेले दुखणे घेऊन परत येतो, तेव्हा ‘नियमित करत नाही’ असा ठपका त्याच्यावरच येतो.

ताठर स्नायू दुखतो, हे म्हणणे काही कालपरवाची फॅशन नाही. केगल यांच्या 11 वर्षे आधी, 1937 साली, थील नावाच्या अमेरिकन गुदरोगतज्ज्ञाने माकडहाडाच्या दुखण्याचे मूळ या स्नायूंच्या आकडीत असल्याचे मांडले आणि ते आतून बोटाने चोळून सैल करण्याची रीत सांगितली. अमेरिकेतल्या मूत्ररोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2011 साली वेदनामय मूत्राशयाच्या विकारासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत तळाचे स्नायू दुखरे असतील तर ते हाताने सैल करणारी फिजिओथेरपी द्यावी, आणि केगलसारखे बळकटीचे व्यायाम टाळावेत, असे स्पष्ट म्हटले आहे.

दुसरा पक्ष म्हणेल, हे सगळे इन्फेक्शनच आहे. बायकांना ‘उन्हाळी लागली’ म्हणून धण्या-जिऱ्याचे पाणी आणि पुरुषांना ‘प्रोस्टेटला सूज’ म्हणून अँटिबायोटिक. खरा संसर्ग असेल तर औषध हवेच, पण कल्चर एकामागून एक स्वच्छ येत असताना चौथा कोर्स कशासाठी? पुरुषांच्या या जुनाट दुखण्यावर 2004 साली एक काटेकोर चाचणी प्रसिद्ध झाली. 196 पुरुष, 6 आठवडे. कुणाला सिप्रोफ्लॉक्सॅसिन, कुणाला टॅमसुलोसिन, कुणाला दोन्ही, कुणाला नुसत्या खोट्या गोळ्या. लक्षणांत म्हणण्यासारखा फरक पडला नाही.

तिसरा पक्ष सर्वांत सोयीचा : रिपोर्ट नॉर्मल आहेत, मनाचे खेळ आहेत. नेदरलँड्समध्ये 2001 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात योनिआकर्षाचा, म्हणजे संबंधाच्या वेळी योनिमार्गाचे स्नायू आपोआप आवळण्याचा, त्रास असलेल्या आणि नसलेल्या बायकांना चित्रपटांतले काही तुकडे दाखवले. भीतीदायक प्रसंगात तळाच्या स्नायूंची हालचाल दोन्ही गटांत वाढली, आणि त्याबरोबर खांद्याच्या स्नायूंचीही. धोका दिसला की शरीर असे आवळते, ते सर्वांचेच. मनाचा संबंध आहे तो इतका. त्यावरून दुखणे खोटे ठरत नाही. उलट, विश्रांतीचे शिक्षण हा उपचाराचा भाग का असावा, याचे कारण इथे मिळते.

राहिला मूलबंधाचा आधार. हठप्रदीपिकेत मूलबंध आहे, तिसऱ्या उपदेशात, अपान वर खेचण्याची क्रिया म्हणून. बसून दुखणाऱ्या माणसाचा इलाज म्हणून नव्हे. त्याच ग्रंथाच्या पहिल्या उपदेशात शवासन आहे, थकवा घालवणारे आणि चित्ताला विसावा देणारे. आपल्या योगवर्गांत शवासन शेवटच्या दोन मिनिटांत उरकतात, चटया गुंडाळता गुंडाळता. ग्रंथाचा दाखला द्यायचा तर पहिल्या उपदेशापासून द्यावा.

मग करायचे काय? या विषयात शिकलेली फिजिओथेरपिस्ट आधी बाहेरून पाहते : श्वास कुठे अडतो, पोट किती ताठ आहे, मांडीचे आतले स्नायू, खुबा. मग काय करणार आहे ते सांगून, संमती घेऊन, हातमोजा घातलेल्या एकाच बोटाने आतून तपासते. बाजूच्या भिंतीवर बोट ठेवून गुडघा बाहेर फिरवायला सांगते. खुब्याकडे जाणारा स्नायू बोटाखाली फुगतो. तो दाबताच रोगी अनेकदा म्हणतो, ‘हेच! हेच दुखतं!’ इतक्या सोनोग्राफींत न दिसलेले दुखणे बोटाखाली सापडते. तिथे सोसवेल इतका दाब धरून, श्वासाबरोबर तो स्नायू सैल होईपर्यंत थांबायचे. कुठेही कळ वाढली की रोग्याने ‘थांबा’ म्हणायचे, आणि तिने थांबायचे.

घरचा अभ्यास साधा आहे, पण सोपा नाही. पाठीवर पडून पोटऱ्या खुर्चीवर ठेवायच्या. श्वास आत घेताना श्वासपटल खाली येते, पोट आणि बरगड्या फुगतात आणि तळाचे स्नायूही किंचित खाली उतरतात. ते उतरणे जाणवू द्यायचे. श्वास सोडताना मुद्दाम काही आवळायचे नाही. आयुष्यभर पोट आत घेऊन चाललेल्या माणसाला एवढेसुद्धा जमायला आठवडे लागतात.

यालाही पुरावा आहे, आणि त्याला मर्यादाही आहेत. वेदनामय मूत्राशयाच्या 81 बायकांवरच्या 2012च्या चाचणीत स्नायूंवर नेमका उपचार झालेल्या 59 टक्के बायकांना लक्षणीय आराम पडला, सर्वसाधारण मालिश झालेल्या 26 टक्क्यांना. पण उपचार करणाऱ्याला आपण काय करतो आहोत हे अशा चाचण्यांत ठाऊकच असते, तेवढी वजावट धरावी. गुदाशयाजवळच्या स्नायूंच्या दुखण्यावर 2010 साली आलेली चाचणी मला जास्त बोलकी वाटते. तपासताना स्नायू दुखरा सापडला अशा रोग्यांत बायोफीडबॅकने, म्हणजे सोडायला शिकवण्याने, 87 टक्क्यांना पुरेसा आराम मिळाला. विजेच्या उत्तेजनाने 45 टक्क्यांना. चोळण्याने फक्त 22 टक्क्यांना. स्नायू दुखरा नव्हता त्यांच्यात मात्र तिन्ही सारखेच. म्हणजे दुसऱ्याच्या हाताने सैल करून घेणे पुरत नाही, स्वतःला सोडता यावे लागते. आणि प्रत्येक ओटीपोटदुखी ताठर स्नायूंची नसते.

म्हणूनच लघवीतून रक्त, ताप, अकारण घटणारे वजन, गुदद्वाराभोवती बधिरपणा किंवा अचानक लघवी अडणे यांपैकी काही असेल तर श्वासाचे व्यायाम बाजूला ठेवून आधी डॉक्टर गाठावा. बधिरपणा आणि अडलेली लघवी तर त्याच दिवशी.

बाकीच्यांना एवढीच विनंती. केगल लिहून देणाऱ्याला कागद हातात घेण्याआधी विचारा : माझा स्नायू तुम्ही तपासला का, आणि तो सुटतो का? उत्तर ‘नाही’ असेल तर तपासणी होईपर्यंत तो कागद घडी घालून ठेवा. आणि केगल सुरू केल्यापासून दुखणे वाढले असेल, तर आजच थांबवा.