भंगार, हिकमत आणि घरी बांधलेली गाडी

पंधराएक वर्षांपूर्वी पदवीच्या प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांकडून मी निबंधलेखनाचा सराव करून घेत होतो. विषय दिला होता ‘माझ्या घरातील एक वस्तू’. बहुतेकांनी आजीचे जाते, देव्हारा, वडिलांची सायकल अशा वस्तू निवडल्या. धुळ्याजवळच्या, महामार्गालगतच्या एका गावातून येणाऱ्या मुलाने मात्र वडिलांनी घरी बांधलेल्या चारचाकी गाडीवर लिहिले होते. जुन्या स्कूटरचे इंजिन, लोखंडी अँगलचा सांगाडा, भंगारातून आणलेली चाके आणि शेतावर चारा व खत नेण्यासाठी मागे जोडलेली पत्र्याची हौदी, असा सगळा तपशील त्यात होता. मी खाली शेरा लिहिला, ‘माहिती भरपूर, पण साहित्यिक दृष्टीचा अभाव.’ वीसपैकी सात गुण दिले. तो शेरा चुकीचा होता हे उमगायला मला बरीच वर्षे लागली. प्रस्तुत लेख ही त्या शेऱ्याची उशिरा केलेली दुरुस्ती समजावी.

दुरुस्तीचे निमित्त झाले ते अमेरिकेतील ‘हॉट रॉड’ या प्रकाराविषयीच्या वाचनाचे. हॉट रॉड म्हणजे जुनी, स्वस्तात मिळालेली मोटार घरच्या शेडमध्ये उलगडून, तिचे अनावश्यक वजन उतरवून आणि इंजिनाची ताकद वाढवून केलेली वेगवान गाडी. या प्रकाराची मुळे १९२० ते १९४०च्या दरम्यानच्या दक्षिण कॅलिफोर्नियात आहेत. तेथील वाळवंटी भागात पावसाळी तळी आटून तयार झालेली, मैलोन्‌मैल सपाट मैदाने होती. तरुण मुले आपापल्या गाड्या तेथे आणत आणि घड्याळ लावून वेग मोजत. १९३७ मध्ये त्यांच्या मंडळांची एक संघटना उभी राहिली, १९४८च्या जानेवारीत ‘हॉट रॉड’ नावाचे मासिक निघाले. दुसऱ्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांच्या हाती यंत्रांचे शिक्षण होते आणि खिशात थोडे पैसेही होते. त्यामुळे युद्धानंतर हा छंद झपाट्याने फोफावला.

या इतिहासात मला महत्त्वाचा वाटला तो एक साधा आर्थिक मुद्दा. हेन्री फोर्डच्या ‘मॉडेल टी’ या गाडीचे उत्पादन १९०८ ते १९२७ या काळात दीड कोटींवर गेले. सुरुवातीस ८५० डॉलरला मिळणारी ही गाडी पुढे ३०० डॉलरच्याही खाली आली. १९३२ मध्ये फोर्डने आठ सिलिंडरांचे इंजिन सामान्य माणसाच्या गाडीत बसवले. अशा लाखो गाड्या जुन्या झाल्यावर परसात गंजत पडल्या. शाळकरी मुलाला आठवड्याच्या मजुरीत एखादी जुनी फोर्ड मिळू शकत होती. म्हणजे हॉट रॉडचा जन्म होण्यासाठी आधी भंगार विपुल आणि स्वस्त असावे लागते. श्रीमंत उत्पादनव्यवस्थेने टाकून दिलेल्या वस्तूंवर ही गरिबांची कला उभी राहिली.

मग प्रश्न येतो की आपल्याकडे असे का घडले नाही? यंत्राची हौस नव्हती, हे उत्तर टिकणारे नाही. खरे कारण असे की आपल्याकडे मोटार भंगारात निघतच नव्हती. हिंदुस्थान मोटर्सची स्थापना १९४२ची, वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सची १९४४ची. १९५१च्या उद्योग कायद्यानंतर उत्पादनासाठी परवाना लागू लागला आणि गाड्यांची संख्या मर्यादित राहिली. साध्या स्कूटरसाठीही लोक वर्षानुवर्षे नाव नोंदवून थांबत. अशा काळात दहा-पंधरा वर्षे वापरलेली गाडीदेखील मौल्यवान असे. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे महामार्ग धुळ्यात एकमेकांना छेदतात. या रस्त्यांवरील गॅरेजांमध्ये ट्रकचे इंजिन तिसऱ्यांदा-चौथ्यांदा बांधले जाई. उघडलेल्या इंजिनाचा कोणताही भाग वाया जात नसे. तोडून खेळावे असे काही उरलेच नाही.

वेगाची हौस मात्र होती, आणि ती बैलांजवळ राहिली. विदर्भ-खानदेशातील शंकरपट आठवून पाहावा. सरळ पट्टी, हलकी गाडी, निवडक जोडी आणि घड्याळ. शंकरपटाची गाडी आणि शेतातली गाडी यांत जो फरक असतो, तोच घरगुती फोर्ड आणि हॉट रॉड यांत असतो. शेतातल्या गाडीत भार पेलण्यासाठी लाकूड जाड ठेवलेले असते. शर्यतीच्या गाडीत सुतार शक्य तितके लाकूड कमी करतो आणि तरीही ती मोडणार नाही एवढे ठेवतो. कॅलिफोर्नियातला मुलगा मडगार्ड, टप, दिवे काढून टाकत होता तेव्हा तो हेच गणित करत होता. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यती बंद केल्या, २०२१च्या डिसेंबरात महाराष्ट्रात त्यांना सशर्त परवानगी मिळाली आणि २०२३ मध्ये न्यायालयाने संबंधित कायदे वैध ठरवले. या काळात बैलांवरील क्रूरतेची चर्चा रास्तपणे झाली. गाडी घडवणाऱ्या सुताराचे नाव मात्र त्या चर्चेत क्वचितच आले.

येथे एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. बैलगाडीचे चाक हे एकट्या कारागिराचे काम नव्हते. तुंबा, आरे आणि पुठ्ठे सुताराने घडवायचे. त्यावरची लोखंडी धाव लोहाराने तापवून चढवायची. तापलेली धाव पसरते, पाणी टाकताच आकसते आणि सगळे चाक आवळून धरते. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या १९१५च्या ‘गांवगाडा’ या ग्रंथात बलुतेदारांची व्यवस्था, तिच्यातील देवाणघेवाण आणि तिच्यातील दोष सविस्तर आले आहेत. ती व्यवस्था जातीच्या उतरंडीवर उभी होती, तेव्हा तिच्याविषयी हळवे होण्याचे कारण नाही. पण तिच्यात जमा झालेले ज्ञान व्यवस्था मोडल्यावर कुठे गेले, हा इतिहासाचा प्रश्न आहे. माझ्या मते त्याचा बराच भाग वेल्डिंगच्या दुकानात, मोटार गॅरेजात आणि विहिरीवरच्या ऑइल इंजिनाच्या दुरुस्तीत गेला. धाव चढवणाऱ्या लोहाराच्या नातवाला बेअरिंग तापवून कण्यावर चढवताना वेगळे काही शिकावे लागत नाही.

घरी गाडी बांधण्याची महाराष्ट्रातील सर्वांत चिवट कहाणी इचलकरंजीची आहे. शंकरराव कुलकर्णी यांनी १९४५च्या सुमारास छोटी मोटार बनवण्याचा ध्यास घेतला. शालेय शिक्षण बेताचे होते. १९४९ मध्ये त्यांची पहिली दोन आसनी गाडी तयार झाली आणि तिला ‘एमएचके १९०६’ हा नोंदणी क्रमांक मिळाला. पुढची पंचवीसेक वर्षे ते एकामागून एक सुधारित नमुने करत राहिले. ‘मीरा’ नावाची ही गाडी बारा हजार रुपयांच्या आसपास देता यावी, असा त्यांचा प्रयत्न होता. ती कारखान्यातून कधीच बाहेर पडली नाही. १९८३ मध्ये मारुती रस्त्यावर आली आणि ‘सामान्य माणसाची मोटार’ या कल्पनेच्या इतिहासात मीरा एका तळटीपेपुरती उरली. तीही उरली, कारण तिला क्रमांक मिळाला होता आणि तिची छायाचित्रे होती.

दुसरे उदाहरण अगदी अलीकडचे आहे. सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे हे यशवंतराव चव्हाणांचे जन्मगाव. तेथील दत्तात्रय लोहार यांनी मुलाची हौस पुरवण्यासाठी दुचाकीचे आणि भंगारातले भाग वापरून सुमारे साठ हजार रुपयांत छोटी जीप बांधली. ती दुचाकीसारखी किक मारून सुरू होते. २०२१च्या डिसेंबरात तिची चित्रफीत सर्वत्र पसरली. आनंद महिंद्रा यांनी तिच्या बदल्यात बोलेरो देऊ केली आणि २०२२च्या जानेवारीत ती दिलीही. या घटनेचे कौतुक झाले ते योग्यच. परंतु त्या बातम्यांत हौस, गरिबी आणि बक्षीस यांचीच चर्चा अधिक होती. माणसाने हे नेमके केले कसे, हा प्रश्न बहुधा कोणाला पडला नाही.

तो प्रश्न किती अवघड आहे हे मला त्या जुन्या निबंधाने शिकवले. दुचाकीचे इंजिन चारचाकीत बसवणे म्हणजे केवळ जोडकाम नव्हे. मोटारसायकलचे इंजिन धावताना लागणाऱ्या वाऱ्याने थंड होते. तेच पत्र्याच्या पेटीत बंद केले की तापून बसते. स्कूटरच्या इंजिनाला स्वतःचा पंखा असतो, म्हणून त्या मुलाच्या वडिलांनी स्कूटर निवडली होती. दुचाकीला उलटा गिअर नसतो, तेव्हा गाडी मागे घ्यायची तर उतरून ढकलावी लागते किंवा रिक्षाचा गिअरबॉक्स शोधावा लागतो. मागची दोन्ही चाके एकाच कण्यावर पक्की केली तर वळणावर आतले चाक फरफटते आणि टायर झिजतात. त्यावर उपाय म्हणून त्यांनी एकाच चाकाला गती दिली होती आणि दुसरे मोकळे सोडले होते. ब्रेक मात्र त्यांनी चारही चाकांना लावले होते, कारण पैसा कुठे वाचवावा आणि कुठे वाचवू नये हे त्यांना कळत होते. कमी खर्चात गाडी बांधण्याचे सगळे शास्त्र या एका निवडीत आहे. इंजिन जुने चालते, पत्रा गंजका चालतो; ब्रेक, स्टिअरिंग आणि वेल्डिंगचे सांधे यांत तडजोड चालत नाही. हे सर्व त्या निबंधात होते. मी ते ‘माहिती’ म्हणून बाजूला सारले.

अशा गाड्यांना आज रस्त्यावर कायदेशीर जागा नाही. मोटार वाहन कायदा १९८८च्या कलम ५२नुसार निर्मात्याने ठरवलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत असा बदल मालकाला करता येत नाही, आणि २०१९च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने ही भूमिका स्पष्ट केली. रस्त्यावरच्या इतरांच्या जिवाचा विचार करता हा नियम अनाठायी म्हणता येणार नाही. त्याचा एक परिणाम मात्र इतिहासाच्या अभ्यासकाने ध्यानात घ्यावा. १९४९ मध्ये घरी बांधलेल्या गाडीला क्रमांक मिळाला, म्हणून आज तिच्याविषयी लिहिता येते. आजच्या घरच्या गाड्या शेताच्या बांधापर्यंतच धावतात आणि त्यांची कुठेही नोंद होत नाही. २००७ पासून मध्य प्रदेशातील पीथमपूर येथे सुरू झालेल्या बाहा स्पर्धेत अभियांत्रिकीचे विद्यार्थी स्वतः बांधलेल्या गाड्या पळवतात. त्यांचे आराखडे, अहवाल आणि गुणपत्रके जपली जातात. पीथमपूर धुळ्याहून निघणाऱ्या त्याच आग्रा रस्त्यालगत आहे. या रस्त्यावरच्या गॅरेजवाल्याच्या कामाचा अहवाल मात्र कोणी मागत नाही.

आणि येथे आपल्या विषयाचा, म्हणजे भाषेचा, संबंध येतो. अशा कामाला आपण हल्ली सरसकट ‘जुगाड’ म्हणतो. हा शब्द हिंदीतून आला आणि त्यात तात्पुरतेपणाची, कशीबशी वेळ मारून नेल्याची छटा आहे. मराठीत यासाठी ‘हिकमत’ हा शब्द पूर्वापार होता. मोल्सवर्थच्या कोशातही तो आहे. अरबीतील त्याचा मूळ अर्थ शहाणपण. हिकमती माणूस म्हणजे युक्तीने, विचार करून मार्ग काढणारा माणूस. शब्द बदलला की त्या माणसाची पायरीही बदलते. ज्याला आपण हिकमती म्हणत होतो त्याला जुगाडू म्हणू लागलो, आणि त्याच्या कामात शास्त्र शोधायचे सोडून गंमत शोधू लागलो.

कारखाना आणि साहित्य यांच्यात आपण आज जेवढी भिंत घालतो तेवढी ती पूर्वी नव्हती. लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या नांगराच्या कारखान्यातून १९२० मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ निघाले आणि त्याचेच पुढे मराठीतले एक प्रमुख मासिक झाले. आणखी जवळचे उदाहरण जळगावशेजारच्या आसोद्याचे आहे. बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांची गाणी टिकली ती घरातल्या मुलांनी ती टिपून ठेवली म्हणून. १९५१ मध्ये त्या गेल्या. सोपानदेवांनी ते बाड आचार्य अत्र्यांना दाखवले आणि १९५२ मध्ये पुस्तक निघाले. टिपणारे कोणी नसते तर जात्यावरची ती प्रतिभा घराबाहेर पोहोचली नसती. घरात जे बोलले जाते, केले जाते ते लिहिण्याजोगे आहे असे कोणाला तरी वाटावे लागते.

त्या मुलाला वाटले होते, आणि मी त्याला वीसपैकी सात गुण दिले. तो पुढच्या वर्षी महाविद्यालयात आला नाही. कारण मला माहीत नाही आणि ते माझ्या शेऱ्याशी जोडण्याचा आगाऊपणा मी करणार नाही. अलीकडे मात्र प्रथम वर्षाच्या वर्गाला मी एक काम देतो. गावातल्या एखाद्या सुताराकडे, लोहाराकडे किंवा गॅरेजात जाऊन बसायचे, तिथले पन्नास शब्द अर्थासह लिहून आणायचे आणि एक वस्तू कशी घडली ते त्याच माणसाच्या क्रमाने सांगायचे. दर वर्षी निम्मे शब्द मला नवे असतात. त्या वह्या मी विभागाच्या कपाटात ठेवतो. त्यांत एका वहीची जागा रिकामी आहे. तो निबंध मी तपासून परत दिला होता.